टोंगळा (गुडघा) घडीघडी सुजतो अन् सुटतो? एमआरआयच्या आधी घरी काय काय तपासायचं

दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं की आमच्याकडं गावोगावी रात्रीचे कबड्डीचे सामने सुरू होतात अन् त्याच्यासोबत माझा फोनही सुरू होतो. गाऱ्हाणं एकच. "भाऊ, टोंगळ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, चांगला चालून रायलो होतो, आता टोंगळा पुन्हा फुगला, लिगामेंट परत तुटलं का?" बहुतेक वेळा तुटलेलं नसतं. पण घाबरून पोट्टा एकतर पंधरा दिवस बाजेवर पडून राहतो नाहीतर थेट एमआरआयचे पैसे भरून येतो, अन् दोन्हीनं टोंगळा आहे तिथंच.

मी डॉक्टर नाही, फिजिओ पण नाही. कबड्डीत डावा कॉर्नर खेळायचो, गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. २०११ ला पकड करताना पाय काळ्या मातीच्या भेगेत अडकला, वरचं अंग फिरलं अन् पाय तिथंच राहिला, टप्पकन आवाज झाला अन् घरी येईपर्यंत टोंगळ्याचा नारळ झाला. एसीएल, म्हणजे टोंगळ्याच्या आतलं लिगामेंट, हाडांना बांधणारा दोर, गेलं होतं. ऑपरेशनमध्ये त्या जागी अंगातलीच दुसरी शीर, म्हणजे स्नायूचा दोर, बसवली अन् पुढच्या दीड वर्षात तोच टोंगळा तीनदा सुजला, तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. तेव्हापासून आमच्या कबड्डी मंडळातले नऊ पोट्टे, दोन पोरी अन् धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) घसरलेली एक मावशी, इतक्यांचं हेच दुखणं मी जवळून पाहिलं, त्यांना घेऊन फिजिओकडे चकरा मारल्या, तिथं जे शिकलो ते लिहून रायलो.

लक्षणं अशी असतात

सकाळी टोंगळा बरा, संध्याकाळी वाटीच्या वरच्या बाजूला फुग्यासारखं येतं. एसटीच्या पायऱ्या उतरताना नाहीतर धुरा उतरताना पाय एकदम सुटल्यासारखा होतो, पडत नाही माणूस पण छातीत धस्स होतं. बाजेवर पाय सरळ टाकला तरी टोंगळ्याखाली फट राहते. ऑपरेशनच्या पायाची मांडी दुसऱ्यापेक्षा बारीक दिसते, पॅन्ट त्या बाजूनं ढिली होते. खाली बसून उठताना वाटीच्या समोर दुखतं, कटकट वाजतं (नुसतं वाजत असेल, दुखत-सुजत नसेल तर ते सोडून द्या, माझे दोन्ही वाजतात). अन् सगळ्यात मोठी खूण म्हणजे आराम केला की आठ दिवसात बरं, काम नाहीतर खेळ सुरू केला की पुन्हा तेच.

हे असेल तर पुढचं वाचत बसू नका, गाडी काढा

टोंगळा लाल, गरम, प्रचंड दुखतो अन् अंगात ताप आहे, किंवा टाक्यातून पू-पाणी येतं. सांध्यात इन्फेक्शन झालं असेल तर हाडांवरची आतली कुर्चा लवकर खराब होते, उद्या सकाळच्या एसटीनं जाऊ असं म्हणायचं नाही. पोटरी एका बाजूची सुजली, दाबली की दुखते, गरम लागते, तर रक्ताची गाठ असू शकते, ती चोळायची तर अजिबात नाही, अन् त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात त्याच मिनिटाला. तिसरं, टोंगळा एका जागी अडकला, ना वाकत ना सरळ होत. चौथं, नव्यानं मुरगळला, आवाज आला अन् दोन-चार तासात भरून आला, किंवा पायावर भारच देता येत नाही, पाऊल बधिर झालं, थंड पडलं.

यातलं काहीच नसेल तर बसा निवांत, पुढचं घरचंच काम आहे.

पहिलं: वही काढा

खर्च शून्य, अन् निम्म्या लोकांचं उत्तर इथंच सापडतं. मागच्या दहा दिवसात काय काय केलं ते लिहा, खरं लिहा. आमच्या एका रेडरचा सातव्या महिन्यात टोंगळा फुगला, "काहीच केलं नाही भाऊ" म्हणे. वहीत लिहायला लावलं तर निघालं की महिनाभर घरी बसून होता अन् मग सलग तीन दिवस पाठीवर १६ लिटरचा पंप घेऊन कपाशीत फवारणी, ते पण पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत, जिथं एकेका पायाला दोन-दोन किलो चिखल चिकटतो अन् पाय उपसून काढावा लागतो. म्हणजे महिनाभर काहीच नाही अन् मग एकदम सगळं. टोंगळ्याला काम चालतं, एकदम वाढलेलं काम चालत नाही.

आमच्या फिजिओनं एक मोजमाप दिलं होतं ते आजपर्यंत कामी येतं. काम करताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत असलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आदल्या सकाळपेक्षा जास्त असेल तर काल जास्त झालं, आज अर्ध्यावर या. अर्ध्यावर, शून्यावर नाही. कारण बाजेवर पडलं की सूज उतरते पण मांडी आणखी सुकते, अन् पुढच्या वेळी त्याहून कमी कामात टोंगळा फुगतो. हे चक्र मी स्वतः दोनदा फिरलो.

सुजलेल्या दिवशी बर्फ दुपट्ट्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं, थेट कातडीवर नको. फ्रीजमध्ये पाण्याची पिशवी आधीच गोठवून ठेवा, नसेल तर पानठेल्यावरून आणलेला बर्फ चालतो.

दुसरं: पाणी आहे का नुसती जाडी आहे

बाजेवर पाय सरळ टाकून बसा, मांडी ढिली सोडा. वाटीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला एक खड्डा असतो, तिथून तळहातानं खालून वर मांडीकडं दोन-तीनदा पुसत न्या. मग वाटीच्या बाहेरच्या बाजूनं वरून खाली एकदा पुसा अन् आतल्या खड्ड्याकडं पाहा. पाण्याची लाट परत येऊन खड्डा भरला तर सांध्यात पाणी आहे. पुसून खाली होतच नसेल तर बरंच आहे. चांगल्या पायावर पण करून पाहा, म्हणजे फरक डोळ्यात बसेल. रोज सकाळी उठल्या उठल्या करा अन् वहीत लिहा.

हे इतकं महत्त्वाचं कावून ते सांगतो. मोटारपंपाच्या स्टार्टरचा रिले ट्रिप झाला तर मोटार जळालेली नसते, पण स्टार्टर करंटच जाऊ देत नाही. टोंगळ्याचं तसंच आहे, आत पाणी भरलं की शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूचा करंट कमी करतं. २०-३० मिली म्हणजे चहाचे चार-सहा चमचे पाणीसुद्धा वाटीजवळच्या आतल्या स्नायूला मंद करायला पुरतं. मग माणूस म्हणतो मी तर रोज व्यायाम करतो तरी मांडी भरत नाही, पाय सुटतो, लिगामेंट गेलं असंन. लिगामेंट जागेवर असते, रिले ट्रिप आहे. आधी पाणी उतरवा, मग जोर वाढवा, उलटं केलं तर सहा महिने वाया जातात, माझे गेले.

तिसरं: दोन्ही टाचा जुळवून पाहा

लोक टोंगळा किती वाकतो तेच पाहतात. मांडी घालता येते का, संडासला बसता येतं का. सरळ किती होतो ते कोणी पाहत नाही अन् माझ्या मते हीच सगळ्यात जास्त चुकणारी जागा आहे.

बाजेवर पोटावर झोपा, टोंगळ्याच्या खालचा भाग बाजेबाहेर लोंबू द्या, घरच्या कोणाला दोन्ही टाचा एका रेषेत आहेत का ते मागून पाहायला लावा. ऑपरेशनच्या पायाची टाच वर राहिली तर पाय पूर्ण सरळ होत नाही. एक-दोन बोटांचा फरकसुद्धा सोडून द्यायचा नाही. कारण वाकलेल्या टोंगळ्यावर उभं राहायचं म्हणजे मांडीच्या स्नायूला दिवसभर सुट्टीच नाही, तो थकतो, वाटीवर दाब वाढतो, चाल लंगडी होते, संध्याकाळी सूज.

उपाय फुकट आहे. पाय लांब करून टाचेखाली गुंडाळलेली चादर ठेवा, टोंगळ्याखाली काही नको, १० मिनिटं तसंच सोडा अन् मांडी आवळून टोंगळा खाली दाबा, दिवसातून तीन-चारदा. अन् टोंगळ्याखालची उशी आजच काढा. ही उशी आपल्याकडं आई-आजी फार मायेनं ठेवतात, "आराम पडते बापू", अन् त्या आरामातच टोंगळा वाकडा राहायची सवय लागते. माझ्या आजीची उशी मी रात्री गुपचूप काढायचो अन् सकाळी ती परत असायची.

दोन-तीन आठवडे इमानदारीनं करूनही फरक पडत नसेल, किंवा सरळ करताना समोरच्या बाजूला आत काहीतरी आडवं आल्यासारखं एका ठिकाणी ठक्क थांबत असेल, तर घरचा उपाय बंद. कधी कधी नवीन लिगामेंटच्या पुढं जखमेच्या धाग्यांची गाठ तयार होते, डॉक्टर तिला सायक्लॉप्स म्हणतात, ती ताणून जात नाही, दुर्बिणीनं काढावी लागते. तिथं जोर लावून कोणाकडून पाय दाबून घेऊ नका.

चौथं: शिंप्याचा टेप अन् ओटा

वाटीच्या वरच्या काठापासून १५ सेंटीमीटर वर पेननं खूण करा, दोन्ही मांड्यांवर, अन् टेपनं घेर मोजा. फरक दिसला तर मांडी सुकलेली आहे. पण घेर सारखा आला म्हणून जोर सारखा असतो असं नाही, म्हणून दुसरी चाचणी. खुर्चीच्या उंचीच्या ओट्यावर बसा, हात छातीवर, एका पायावर उठा अन् सावकाश बसा. चांगल्या पायावर किती वेळा जमतं, ऑपरेशनच्या पायावर किती. चांगल्यावर २० अन् दुसऱ्यावर ९ येत असतील तर पाय का सुटतो याचं उत्तर मिळालं. निदान नव्वद टक्के तरी पाहिजेत, म्हणजे २० ला १८. अन् चांगला पायही घरी बसून कमजोर झालेला असतो हे लक्षात ठेवा, नुसती बरोबरी झाली म्हणून नाचू नका.

मांडी भरायचे व्यायाम सगळ्यांना फिजिओनं दिलेलेच असतात, तो कागद कपाटात असतो. पाय सरळ ठेवून उचलणे, भिंतीला पाठ लावून अर्धं बसणे, ओट्यावर चढ-उतार. यातला चढ-उतार सगळ्यात कामाचा पण आठवड्या-दोन आठवड्यात तो सोपा होतो अन् लोक तिथंच अडकतात. सोपा झाला की उंची वाढवा, मग हातात वजन, पाच किलो तुरीची पिशवी, मग दहा. आमच्या मंडळातली एक पोरगी नळाला पाणी यायच्या वेळेला व्यायाम करायची, गुंड (हंडा) भरेपर्यंत पायरीवर चढ-उतार, कारण घरी वेगळा वेळ मागितला तर "आता कशाले खेळाचं नाव" सुरू व्हायचं. आमच्या सगळ्यांत तिची मांडी पहिली भरली.

जिममधल्या बसून पाय झटकायच्या मशीनवर स्वतःच्या मनानं वजन लावू नका. वाईट नाही ते मशीन, पण कितव्या महिन्यात किती कोनात करायचं हे ऑपरेशनवर ठरतं. अन् लिगामेंट मांडीच्या मागच्या शिरेतून घेतलं असेल तर मागच्या बाजूच्या भारी व्यायामालाही थांबावं लागतं. हे विचारूनच.

पाचवं: मोबाईलवर व्हिडिओ

पायरीवरून एका पायानं सावकाश उतरताना समोरून व्हिडिओ काढा. टोंगळा अंगठ्याच्या आत, दुसऱ्या पायाकडं झुकतो का पाहा. एसीएल म्हणजे मांडीचं हाड अन् नळीचं हाड आतून तिरपं बांधणारा दोर, तो नळीला पुढं सरकू अन् फिरू देत नाही, अन् टोंगळा आत झुकला अन् वर अंग फिरलं की सगळा झटका त्या दोरावर. हा दोर बऱ्याचदा कोणाचा धक्का न लागताच तुटतो, नुसतं वळताना नाहीतर उडी मारून उतरताना. पोरींमध्ये हा धोका पोरांपेक्षा जास्त असतो, म्हणून त्यांच्याकडून दोन्ही पायांवर मऊ उतरायचा सराव आम्ही सुरुवातीपासून घेतो. झुकत असेल तर पायरीची उंची कमी करा, आरसा ठेवा, कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू भरा, कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा तो व्यायाम.

सहावं: जमीन, बसणं, वजन, पट्टा

हे झटपट. भेगा पडलेल्या नाहीतर ओल्या काळ्या मातीवर सराव नको, मुरूम टाकून पाणी मारलेलं मैदान किंवा मॅट पाहा. गाडीला किक मारायचं बंद, बटन नसेल तर दुसऱ्याला सांगा. सूज असेपर्यंत उकिडवं बसून निंदण नको, संडासला खुर्ची घ्या, त्यात लाज कसली. वजन एक किलो कमी झालं तर चालताना टोंगळ्यावरचा भार दर पावलाला चारेक किलोनं कमी होतो. मेडिकलमधून आणलेला लवचिक पट्टा ऊब देतो, धीर देतो, पण लिगामेंटचं काम करत नाही, पट्टा बांधून सामना खेळणारे दोन जण परत ऑपरेशन टेबलावर गेलेले मी पाहिले.

सातवं: गोळी कोणती चालू आहे

दुखण्याची गोळी खाऊन वावरात नाहीतर मैदानात उतरायचं नाही. एक तर टोंगळ्याची तक्रार तुम्हाला ऐकू येत नाही, अन् दुसरं म्हणजे आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ४५ डिग्रीत घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीवर येतात. बीपी, शुगर, ॲसिडिटीचा त्रास असेल तर डॉक्टरला न विचारता एकही नको. सुजलेल्या टोंगळ्यात गावात कोणी "एक इंजेक्शन मारतो, मोकळा होतो" म्हणत असेल तर हात जोडून घरी या. तेल लावायला माझी ना नाही, हलक्या हातानं लावा, पण झटका देऊन शीर बसवणाऱ्याकडं ऑपरेशनचा पाय द्यायचा नाही, त्याचा हात कितीही गुणाचा असो.

इथं थांबा अन् दवाखान्यात जा

वरचं सगळं पाच-सहा आठवडे नीट करूनही सूज येतच असेल, किंवा सपाट जमिनीवर साधं वळताना पाय सुटत असेल, किंवा सूज-मांडी दोन्ही ठीक असून सुटत असेल, तर आता तपासणी. यातही स्वस्त ते महाग असा क्रम आहे. पहिले फिजिओ. यवतमाळ, अकोला, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नाहीतर वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलात तर खर्च कमी लागतो, वही अन् तो व्हिडिओ सोबत न्या, अर्धी तपासणी तिथंच होते. मग हाडाचा डॉक्टर, तो टोंगळा थोडा वाकवून नळी पुढं ओढून हातानंच पाहतो दोर ताठ आहे का ढिला. मग एक्स-रे. एमआरआय सगळ्यात शेवटी, लिगामेंट ढिलं वाटलं किंवा दोन हाडांमधली गादी फाटल्याचा संशय आला तर. सुरुवातीलाच एमआरआय काढला तर काहीतरी लिहून येतंच अन् मग त्या कागदाचाच विलाज सुरू होतो. माझ्या दुसऱ्या सुजेच्या वेळी एका दवाखान्यात पायाला हात न लावता कागद पाहून परत ऑपरेशन सांगितलं होतं, निघालं काय तर पाय सरळ होत नव्हता. ऑपरेशन खरंच लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, आधी विचारा.

अन् ज्यांचं ऑपरेशन झालंच नाही त्यांनी लगेच खचू नये. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर अभ्यास झाला, निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी व्यायाम अन् गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी व्यायामवाल्यांतल्या जवळपास अर्ध्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं अन् दोन्ही गटांचे टोंगळे सारखेच चालत होते. आमची धुऱ्यावरची मावशी अशीच, बिनाऑपरेशनची, यंदा कापूस वेचून रायली.

मैदानात कधी

यावर दर वर्षी भांडण होतं. आमचे म्हातारे सांगतात की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोट्ट्यांनी १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी करून दाखवली, तेव्हा कुठं होतं हे लिगामेंट-फिगामेंट. तेव्हाही तुटत होतं बाप्पा, फक्त "त्याचा पाय गेला" म्हणायचे अन् तो माणूस जन्मभर रेषेबाहेर बसून पंचगिरी करायचा.

नऊ महिन्यांच्या आत नाही. बसवलेली शीर आधी कमजोर होते अन् मग हळूहळू लिगामेंट बनते, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सगळ्यात कच्ची असते, अन् नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असल्यामुळं पोट्ट्याला वाटतं आपण बरे झालो. २०१६ ला आलेल्या अमेरिका-नॉर्वेच्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने लांबवलं तितका दर महिन्याला पुन्हा इजा व्हायचा प्रकार ५१ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. चाचण्या पास न करता खेळलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना दोन वर्षात परत इजा, पास झालेल्यांत सहा टक्क्यांच्या आसपास. चाचण्या म्हणजे मांडीचा जोर, एका पायावरच्या उड्यांचं अंतर, सगळं चांगल्या पायाच्या नव्वद टक्के. म्हणून आमच्या मंडळात आता नियम आहे, महिने नऊ अन् चाचणी पास, दोन्ही पाहिजे, सरपंचाचा पोट्टा असला तरी. यंदा एकजण त्यावरून रुसून दुसऱ्या गावाच्या टीमकडून उतरला, नवव्या महिन्याला अजून पाच आठवडे होते. त्याचा फोन अजून आला नाही, न येवो.

पुढच्या दहा-वीस वर्षात एसीएल नाहीतर गादी फाटलेल्यांपैकी साधारण अर्ध्या लोकांच्या टोंगळ्यात झीज दिसू लागते, ऑपरेशन झालं असलं तरी. म्हणून मांडीचा व्यायाम माझा अजून बंद नाही. रात्रीच्या लाईनीवर ओलीत असलं की पंप चालू करून विहिरीच्या पायरीवर चढ-उतार करतो, ऑपरेशनचा पाय तीस, चांगला पाय तीस. गेल्या हप्त्यात चांगला पायच सुजला होता, वही काढली तर सलग दोन दिवस तुरीच्या गोण्या उचलल्याचं निघालं.